आधीची अट

शारजात डिसेंबरच्या रात्री एसी बंद असतो,
म्हणून खालच्या कॅफेटेरियातली करक चहाची ऑर्डर
चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते.
टेबलावरच्या प्लास्टिकवर हळदीचा जुना डाग.
तो टाळून मी पसरलाय पदवीचा कागद:
एकशे तेवीस क्रेडिट,
सत्त्याऐंशी पदरात,
छत्तीस उरलेली.
आणि बाबांचा करार पुढच्या डिसेंबरपर्यंत.

स्प्रिंगला पंधरा, उन्हाळ्यात सहा, फॉलला पंधरा.
बेरीज बरोबर येते.
बेरीज नेहमीच बरोबर येते,
अडतं ते क्रमाशी.

प्रोजेक्टचा पहिला भाग उन्हाळ्यात, दुसरा फक्त फॉलला.
पहिल्याच्या आधी ऑपरेटिंग सिस्टिम्स हवं,
त्याच्या आधी कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन,
जे मी दुसऱ्या वर्षी सोडलं,
कारण त्याच वेळेला सक्तीचं अरबी होतं
आणि मला वाटलं, पुढे बघू.
पुढे म्हणजे ही रात्र.

शिफाना म्हणते, ओव्हरराइडचा फॉर्म भर,
दोन्ही एकदमच घे, सगळे घेतात.
फॉर्ममध्ये एकच ओळ मोकळी आहे: कारण.
मी लिहिलं, खोडलं, लिहिलं.
'माझ्या वडिलांची कंपनी' इथपर्यंत येऊन
पेन थांबतं. त्यापुढचं क्रियापद
अजून घरात कोणी मोठ्याने उच्चारलेलं नाही.

बाबा ड्यूटीवरून आले. मनगटावर ग्रीस,
अल नहदातल्या एकोणीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे,
म्हणजे एकोणीस इमारतींच्या शिव्याही.
समोर बसून कागद उलटाच वाचू लागले.
"हे बाण कसले?"
म्हटलं, हे झाल्याशिवाय ते नाही.
"असं होय. इंटरलॉक."
आणि खिशातल्या पेनाने कोपऱ्यात काढली एक केबिन,
दार, दाराचा छोटा स्विच:
दार पूर्ण मिटलं नाही तर मोटरला वीज मिळत नाही.
"बायपास करता येतं. वायरचा एवढासा तुकडा लागतो.
नवी पोरं करतात, घाई असते, लोक खोळंबलेले असतात."
थोडं थांबून म्हणाले,
"मीही केलंय. एकदाच. तेराव्या मजल्यावर."
पुढे काय झालं ते सांगितलं नाही,
ताटावर बसले, वरणात लिंबू पिळलं, बी वेचून काढली.

त्यांच्या डिप्लोमाचा एक विषय राहिलाय, अप्लाइड मेकॅनिक्स.
साताऱ्याहून विमान आधी लागलं, निकाल मागून आला.
सव्वीस वर्षं तो बाण
कुठल्याच चौकोनाला टेकलेला नाही.
हे मला आईकडून कळलंय, म्हणून मी विचारत नाही.

मग हात धुऊन त्यांनी फॉर्म पुढे ओढला.
मला वाटलं फाडतील.
चष्मा लावून माझं अर्धं वाक्य वाचलं
आणि आपल्या अक्षरात, कर्ता बदलून, पूर्ण केलं:
'माझी कंपनी बंद होत आहे.'
"खरं आहे ते लिही. बाई शहाण्या असतील तर
दार मिटायला किती वेळ लागेल ते सांगतील.
तारेचा तुकडा मात्र मागू नकोस."

डॉ. हनादींनी सकाळी फॉर्म दोनदा वाचला,
अक्षर माझं नाही हे त्यांना दिसलं असणार.
सही केली नाही.
जानेवारीत तीन आठवड्यांचा वर्ग भरतो म्हणाल्या,
ऑर्गनायझेशनचा, रोज चार तास,
जागा बावीस, नोंदणी आठला.
माझं घड्याळ आठ वाजून दोन मिनिटं दाखवत होतं.

दुपारी बाबांचा मेसेज आला,
कुठल्यातरी शाफ्टमधून, नेटवर्कची एकच कांडी धरून:
मिटलं का दार?

लिहिलं, अजून नाही.
माझ्यापुढे तिघं आहेत.